सामायिक यंत्राची गोष्ट

चित्रपट पाहून घरी परतताना आपण नटनट्यांविषयी बोलतो, गाण्यांविषयी बोलतो. फारच झाले तर दिग्दर्शकाचे नाव काढतो. पण चित्रणाचे शेकडो तुकडे जोडून त्यांतून गोष्ट उभी करणारा संकलक सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ह्या माणसाचे हत्यार एके काळी कात्री होते. आज ते शेकडो मैलांवरच्या एखाद्या थंड खोलीतील संगणक असू शकते, आणि तोही त्याच्या एकट्याचा नव्हे, दहापाच जणांचा सामायिक! कात्रीपासून ह्या सर्व्हरपर्यंतची हकीकत मोठी मनोरंजक आहे, आणि तिच्या शेवटी आपल्या सोलापूरचाही प्रश्न उभा राहतो.

१८९९ साली सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईत कुस्तीचा सामना चित्रित केला, तेव्हा फीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. कुस्ती मुंबईची, पण तिचे चित्र उमटणार साता समुद्रांपलीकडे! पुढे दादासाहेब फाळक्यांनी ही परस्वाधीनता मोडून काढली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागलेल्या 'राजा हरिश्चंद्र'चे बरेचसे काम घरातच झाले, आणि फितीच्या कडांना भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सरस्वतीबाईंनी त्याला हातभार लावला. त्या माउलीने केवळ पदर खोचून स्वयंपाकघर सांभाळले नाही, एक कारखानाही सांभाळला.

ह्यानंतरचा काळ स्टुडिओंचा. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यास आली. छायाचित्रण, ध्वनी, रसायनशाळा, संकलन, सारे एका आवारात. महाग यंत्रे एकाने घ्यावयाची आणि अनेकांनी वापरावयाची, हा व्यवहार तेथे सहज चाले. मात्र यंत्र जेथे, माणूस तेथे. ज्याला काम करावयाचे त्याने पुण्या-मुंबईस जाऊन राहिले पाहिजे.

ही साखळी तोडण्याची कल्पना चित्रपटवाल्यांची नव्हे, गणितज्ञांची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, आणि देशातील अनेक संस्था त्याच्यावर आपली गणिते सोडवून घेऊ लागल्या. भोके पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे द्यावयाचे, आपली पाळी येईतो थांबावयाचे आणि उत्तराचे कागद घेऊन परतावयाचे. तिकडे अमेरिकेत एमआयटी ह्या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्येच एक निराळी युक्ती करून दाखविली होती. माणूस विचार करतो तेवढ्या अवधीत यंत्र रिकामे बसते. तर तो रिकामा क्षण दुसऱ्याला द्यावा! यंत्र इतक्या झपाट्याने एकाकडून दुसऱ्याकडे वळे, की प्रत्येकाला वाटे ते आपल्या एकट्याच्याच सेवेला आहे. रासलीलेत प्रत्येक गोपीला कृष्ण आपल्याच शेजारी दिसला, तसेच हे.

आजचे दूरस्थ संकलन ह्याच युक्तीवर उभे आहे. सर्व चित्रण सर्व्हरवर ठेवलेले असते. संकलक घरच्या साध्या संगणकावर बसून कळा दाबतो. कापणे-जोडणे घडते ते सर्व्हरवर, आणि घरी येते ते केवळ तेथल्या पडद्याचे चित्र. हिशेब पाहा. सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या रंगीत चित्राचे, न आवळलेले असे, तासाभरात सुमारे ५६० गिगाबाइट होतात. एवढा ओघ घरच्या जोडणीला पेलणे कठीण. म्हणून सर्व्हर ते चित्र आवळून सुमारे शंभराव्या भागाइतके करतो आणि मग धाडतो.

अंतराचा अडथळा मात्र आपण समजतो तेवढा नाही. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. चारशे किलोमीटर जाऊन परत यावयास त्याला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो; एका चौकटीचा वेळ त्याच्या दहापट आहे. मग चित्र अडखळते कशाने? बऱ्याचदा गर्दीने. एकाने आपल्या चित्रपटाची पक्की प्रत काढावयास घेतली, की ते काम यंत्राची सारी ताकद ओढून घेते, आणि शेजारच्याचे चालते चित्र गोठते.

म्हणजे प्रश्न यंत्राचा नसून वाटणीचा झाला! धुळे-नाशिककडच्या शेतकऱ्यांनी पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीने तो शतकांपूर्वीच सोडविला. बंधारा सर्वांचा, पाटाचे पाणी पाळीने, आणि पाळी राखावयास पाटकरी. सर्व्हरलाही असा पाटकरी लागतो. प्रत्येकाचा किमान वाटा राखून ठेवावा. समोर बसून काम करणाऱ्याला अग्रक्रम द्यावा. पक्क्या प्रतींची अवजड कामे रात्री उरकावीत. नियम साधे आहेत, पण ते आधी ठरलेले असावे लागतात.

२०२० च्या मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि ही सोय चैनीची न राहता गरजेची झाली. तिने आणखी एक गोष्ट दाखवून दिली, ती म्हणजे यंत्रापाशी राहावयास जाणे अपरिहार्य नाही. विजापूर रस्त्यालगतच्या आमच्या जुळे सोलापुरात असे किती तरी बंगले आहेत, जेथे आईवडील दोघेच राहतात आणि मुले पुण्याला. दिवाळीत चार दिवस अंगण गजबजते, भाऊबीज झाली की पुन्हा कुलपे आणि फोन. ह्यांतल्या एखाद्या मुलाला वा मुलीला वरच्या माडीवर बसून मुंबईचे काम करता आले, तर त्या घराला केवढा आधार!

पण सोलापूरकराने एक जुना धडा विसरता कामा नये. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. एका वाफेच्या इंजिनावर शेकडो यंत्रे फिरवावयाची, हीही एक सामायिक शक्तीच होती, आणि तिने हे शहर वाढविले. पण ती शक्ती मालकाची होती. गिरण्यांचे भोंगे थांबले तेव्हा कामगाराजवळ उरले ते केवळ त्याच्या हातचे कसब. भाड्याच्या सर्व्हरचेही तसेच आहे. भाडे तासावर चढते, आणि देणाऱ्याने दार लावले की आतले चित्रण आतच राहते. आपल्याकडे अनेक चित्रे नाहीशी झाली. १९३१ च्या 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. 'राजा हरिश्चंद्र'चाही काही भागच उरला आहे.

तेव्हा चार जणांनी मिळून यंत्र खुशाल वापरावे. वाटणीचे नियम मात्र पहिल्या दिवशीच लिहून काढावेत, आणि मूळ चित्रणाची एक प्रत स्वतःच्या कपाटात ठेवावी. पाणी पाटाचे घ्यावे, पण बियाणे घरचे राखावे, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.