याहू, पॅरिसचं कोर्ट आणि ७० टक्के

डिसेंबर २०२५मध्ये युरोपियन कमिशनने एक्सला १२ कोटी युरोंचा दंड ठोकला. त्याच महिन्यात अमेरिकेने युरोपचे माजी आयुक्त थिएरी ब्रेतों यांच्यावर व्हिसाबंदी घातली. तिकडून ‘सेन्सॉरशिप’ म्हणून ओरड, इकडून ‘आमच्या बाजारात आमचा कायदा’. बरेच जण ही गोष्ट मस्कपासून सुरू करतात. मी सुरू करणार आहे याहूपासून, कारण हे भांडण पहिल्यांदा नीट रंगलं ते २०००मध्ये.

तेव्हा याहूच्या अमेरिकी साइटवर लिलाव चालायचे आणि त्यात नाझी वस्तूही असायच्या. फ्रान्समध्ये अशी चिन्हं मांडणं गुन्हा. अमेरिकेत मात्र पहिल्या घटनादुरुस्तीमुळे सरकार त्यांना हात लावू शकत नाही. लिक्रा ही वंशवादविरोधी संघटना आणि ज्यू विद्यार्थ्यांची एक संघटना पॅरिसच्या कोर्टात गेली. याहूचं म्हणणं साधं होतं: सर्व्हर अमेरिकेत आहे, आणि समोरचा माणूस फ्रान्समधून आलाय की आणखी कुठून, हे आम्हाला कळणारच कसं?

इथे मला, म्हणजे रोज कोड लिहिणाऱ्याला, खरी मजा येते. न्यायाधीश झां-जाक गोमेझ यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. त्यात इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ आणि ब्रिटनचे बेन लॉरी होते. उत्तर आलं: आयपी पत्त्यावरून फ्रान्समधले साधारण ७० टक्के लोक ओळखता येतील. त्यांना ‘तुम्ही कुठले?’ असं विचारलं तर ९० टक्क्यांच्या आसपास जाता येईल. बाकीच्यांचं काय? एओएलचे ग्राहक पॅरिसमध्ये बसले तरी नेटवर्कमुळे व्हर्जिनियातले दिसायचे. निकालानंतर लॉरींनी जाहीर माफीनामाच लिहिला, की ही गाळणी चुकवणं फार सोपं आहे.

पण गोमेझ यांनी एक गोष्ट बरोबर पकडली होती. याहू फ्रान्समधून येणाऱ्यांना फ्रेंच जाहिराती दाखवत होती! म्हणजे पैशासाठी ओळख पटत होती, कायद्यासाठी नाही. २० नोव्हेंबर २०००ला आदेश निघाला: तीन महिन्यांत बंदोबस्त करा, नाहीतर रोज १ लाख फ्रँक दंड. जानेवारी २००१पासून याहूने नाझी वस्तू लिलावातून काढल्याच. आमचा स्वतःचा निर्णय, असं सांगत!

मग याहू अमेरिकेच्या कोर्टात गेली. २००१मध्ये जज जेरेमी फोगेल म्हणाले, हा आदेश इथे राबवता येणार नाही. २००६मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. ११पैकी ६ न्यायाधीशांनी खटला काढून टाकला, तोही दोन वेगवेगळ्या कारणांनी. सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकलंच नाही. मूळ प्रश्न, परक्या देशाचा आदेश अमेरिकेत चालतो का, तो तसाच लटकला.

आता देश ओळखणं एका लायब्ररीचं काम झालंय. व्हीपीएन आहेच, पण ‘आम्हाला कळत नाही’ हे आता कुठली कंपनी म्हणत नाही. त्यामुळे भांडण सरकलं: काढायचं तर फक्त तिथे, की सगळ्या जगात? २०१९मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने दहा दिवसांच्या आत दोन वेगळी उत्तरं दिली. सर्च निकालांबाबत गुगलला सांगितलं, जगभर काढायची सक्ती नाही. आणि ऑस्ट्रियातल्या एका राजकारणी महिलेवरच्या बदनामीकारक फेसबुक पोस्टबाबत म्हटलं, जगभर काढायचा आदेश युरोपच्या कायद्याला मान्य आहे. अमेरिकनांना धास्ती याचीच वाटते, आणि ती मला अगदी पोकळ वाटत नाही.

पण डिसेंबरच्या दंडाला सरसकट सेन्सॉरशिप म्हणणंही पटत नाही. त्यात एकही पोस्ट काढायचा आदेश नव्हता. मुद्दे होते फसवी ठरणारी निळी टिक, जाहिरातींची अपुरी नोंद आणि संशोधकांना न दिलेला डेटा. युरोपचा डिजिटल सर्व्हिसेस कायदा ४.५ कोटींहून जास्त युरोपीय वापरकर्ते असलेल्या कंपन्यांवर जगभरच्या उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड लावू शकतो. २०००मध्ये ‘सर्व्हर आमच्याकडे’ म्हणून वाद घालता आला. आता पैसाच तिथे अडकलेला आहे, म्हणून वाद थेट दोन सरकारांमध्ये पोचलाय.