नाव कुणाचं, घाम कुणाचा?

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या. आज आपण सहलीला निघालोय, आणि तीही थेट चीनला. पासपोर्ट नको, तिकीट नको, घरातल्यांची परवानगीही नको. रेडिओवरून जायचं आणि चुलीवरचं दूध उतू जायच्या आत परत यायचं.

निघण्याआधी एक गोष्ट ठरवू. कुठल्याही जुन्या वास्तूपाशी गेलं की पाटीवर राजाचं नाव असतं. अमुक राजानं बांधलं, तमुक साली बांधलं. आता राजा काही विटा वाहत नाही आणि चुना मळत नाही. म्हणून आपण प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारायचे. इथे नाव कुणाचं आहे? आणि घाम कुणाचा आहे?

पहिला मुक्काम चीनची मोठी भिंत. राजधानी बीजिंगपासून ती दीड-दोन तासांवर आहे. बादालिंग नावाच्या ठिकाणी फार गर्दी असते, मुथ्येन्यू त्या मानानं शांत. पायऱ्या एकसारख्या नाहीत, एक वीतभर उंच तर दुसरी गुडघ्याएवढी. आपल्याला डोंगर चढायची सवय आहे, आपण चढू.

या भिंतीबद्दल दोन चुकीच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. एक, ती चंद्रावरून दिसते. ती दिसत नाही. चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई २००३ साली अंतराळात जाऊन आला, त्यानंच सांगितलं की मला भिंत दिसली नाही. दुसरी, ती एकच भिंत आहे. तसंही नाही. दोन हजारांहून जास्त वर्षं वेगवेगळ्या राजांनी वेगवेगळ्या ठिकाणी भिंती बांधल्या. चीन सरकारनं २०१२ साली सगळ्यांची मोजणी जाहीर केली, ती २१,१९६ किलोमीटर भरली. आपण फोटोत पाहतो ती दगडविटांची भिंत मिंग घराण्याच्या काळातली, म्हणजे १३६८ ते १६४४ मधली.

त्या काळच्या बांधकामाची एक गंमत ऐका. चुन्यात चिकट भाताची पेज मिसळत. त्यानं चुना असा काही धरायचा की आजही कितीतरी ठिकाणी विटांच्या सांध्यात गवताची काडी शिरत नाही. शास्त्रज्ञांनी तो चुना तपासून हे सिद्ध केलंय. पण एवढी पेज शिजवायला चुली किती पेटल्या असतील, त्यापुढे कोण बसलं असेल, याची पाटी कुठेच नाही.

मग घामाची आठवण कुणी ठेवली? बायांनी सांगितलेल्या गोष्टीनं ठेवली. चीनमध्ये मंग ज्यांगन्यू नावाच्या बाईची गोष्ट घराघरांत माहीत आहे. नवं लग्न झालेलं. नवऱ्याला भिंतीच्या कामावर धरून नेलं. थंडी आली तशी ही त्याच्यासाठी उबदार कपडे शिवून पायी निघाली. भिंतीपाशी पोचली तेव्हा कळलं, तो कामावरच मेला आणि भिंतीतच पुरला गेला. ती अशी रडली की भिंत कोसळली आणि नवऱ्याची हाडं उघडी पडली. भिंत पूर्वेला समुद्राला मिळते, त्या शानहायग्वानजवळ या बाईचं देऊळ आहे.

ही गोष्ट जशीच्या तशी घडली का? नाही. अभ्यासकांनी तिचा माग काढलाय. सगळ्यात जुन्या कथेत नवरा लढाईत मरतो, भिंतीचा संबंधच नाही. पुढे शेकडो वर्षं लोक ती सांगत गेले, आणि ज्यांची माणसं वेठबिगारीवर गेली, त्यांनी तिच्यात आपलं दुःख घातलं. म्हणजे गोष्ट घडलेली नसली तरी दुःख घडलेलं आहे. इतिहास असाही टिकतो.

आता परत बीजिंगला येऊ. शहराच्या मधोमध राजवाडा आहे. त्याला निषिद्ध नगरी म्हणतात, कारण सामान्य माणसाला आत पाऊल ठेवायला मनाई होती. योंगले नावाच्या बादशहानं १४०६ ते १४२० या काळात तो बांधून घेतला. भोवती दहा मीटर उंच तट आणि बावन्न मीटर रुंद खंदक. चोवीस बादशहा इथे राहिले. १९२५ पासून तिथे संग्रहालय आहे आणि आज जगभरचे पर्यटक येतात. सोमवारी बहुधा बंद असतो, तेवढं ध्यानात ठेवा.

बहुतेक लोक दक्षिणेच्या दरवाज्यातून शिरतात, मधली मोठी सिंहासनाची दालनं बघतात आणि उत्तरेनं बाहेर पडतात. आपण तसं करायचं नाही. आपण मागच्या अंगाला डावी-उजवीकडे वळायचं. तिथे सहा पूर्वेचे आणि सहा पश्चिमेचे महाल आहेत. तिथे बायका राहायच्या. राण्या, उपराण्या, दासी. एकदा मुलगी आत गेली की माहेरचं दर्शन दुर्मिळ.

मिंग घराण्यात चाल अशी होती की बादशहा मेला की त्याच्या उपराण्यांना गळफास देऊन त्याच्यासोबत पाठवायचं. हा राजवाडा बांधणारा योंगले १४२४ साली वारला, तेव्हाही हेच झालं. पुढे १४६४ साली एका बादशहानं मरताना सांगितलं, माझ्यामागे असं करू नका. तिथून ही चाल थांबली.

इथलीच १५४२ सालची एक घटना. ज्याजिंग नावाचा बादशहा दासींना फार छळायचा. सोळा दासींनी एकत्र येऊन तो झोपेत असताना त्याच्या गळ्याला दोरी आवळली. पण गाठ चुकीची बसली, तो वाचला, आणि त्या सोळाही जणींना हालहाल करून मारलं. त्यांची नावं दरबारी दप्तरात आजही आहेत. मैत्रिणींनो, हजारो दासी त्या वाड्यात राबून गेल्या, त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. नाव लिहून ठेवायला बाईला गुन्हेगार व्हावं लागलं.

वाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात अरुंद तोंडाची एक विहीर आहे. पर्यटक तिच्यात डोकावून जातात. १९०० साली परदेशी फौजा बीजिंगवर चालून आल्या आणि दरबार पळून जायच्या तयारीला लागला. त्या गडबडीत बादशहाची एक तरुण राणी या विहिरीत मेली. तिला मोती राणी म्हणत. राजमाता त्सशी हिच्या हुकमानं तिला आत ढकललं, असं सांगतात. हुकूम सोडणारी बाई, विहिरीत गेलेली बाई. तेव्हा नुसती बाई सत्तेवर आली म्हणजे बाईचं भलं झालं, असं समजू नये.

एक विहीर पाहिली, आता दुसऱ्या विहिरीकडे जाऊ. त्यासाठी बीजिंगहून नैऋत्येला शिआन शहर गाठायचं. वेगवान रेल्वेनं पाच-सहा तास लागतात. या शहराबाहेर लिनथोंग म्हणून भाग आहे. १९७४ चा मार्च महिना, दुष्काळी दिवस. तिथल्या एका खेड्यातले शेतकरी पाण्यासाठी विहीर खणत होते. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी विहिरींचे तळ पाहिलेत, त्यांना ही खणाखणी सांगायला नको. पाणी लागायच्या ऐवजी कुदळीला मातीच्या भाजक्या मूर्तींचे तुकडे लागले. मग पुराणवस्तू जाणणारे लोक आले, खोदकाम वाढलं आणि जमिनीखाली अख्खी फौज सापडली. माणसाच्या उंचीचे मातीचे सैनिक, घोडे, रथ. मूर्ती आठ हजारांच्या आसपास असाव्यात असा अंदाज आहे आणि प्रत्येकाचा चेहरा निराळा वाटतो.

ही फौज चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग याची. त्यानं इसवी सनापूर्वी २२१ मध्ये सगळा देश एका छत्राखाली आणला आणि उत्तरेच्या जुन्या भिंती जोडून घेतल्या. मेल्यावरही संरक्षण हवं म्हणून कबरीजवळ ही मातीची फौज पुरून ठेवली. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी सिमा छियान नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की या कामावर सात लाख माणसं होती. तो असंही लिहितो की सम्राटाच्या ज्या बायकांना मूल नव्हतं त्यांना त्याच्यासोबत मरावं लागलं, आणि कबरीतली गुपितं माहीत असलेल्या कारागिरांना आतच कोंडलं. मुख्य कबर अजून उघडलेली नाही.

या मूर्तींवर आपल्याला हवी ती गोष्ट मात्र सापडते. कित्येक मूर्तींवर कुंभारांची नावं कोरलेली किंवा शिक्का मारलेली आहेत. ऐंशीच्या वर नावं वाचता आली आहेत. वाटेल की कारागिराचा किती मान! पण कारण वेगळं होतं. मूर्तीत खोट निघाली तर कुणाला धरायचं, हे कळावं म्हणून नाव. दासींचं नाव शिक्षेनंतर लिहिलं, कुंभाराचं शिक्षेच्या सोयीसाठी आधीच लिहून घेतलं.

शिआनमध्येच एक उंच मनोरा आहे, रानहंसांचा मोठा मनोरा. तिथे आपल्या मातीचा संबंध आहे. युआन श्वांग नावाचा चिनी बौद्ध भिक्खू भारतात आला होता. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव ह्यूएन त्संग असंही असतं. तो ६४५ साली शेकडो ग्रंथ घेऊन घरी परतला आणि ते ठेवण्यासाठी ६५२ साली हा मनोरा उभा राहिला. हा भिक्खू चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला होता. इथली माणसं साधी, उपकार न विसरणारी आणि अपमानाचा बदला घेणारी आहेत, असं त्यानं लिहिलंय. हे ऐकून छाती फुगते. पण पुढचंही ऐका. इथे लढाईत हरलेल्या सेनापतीला दुसरी शिक्षा देत नाहीत, बायकांचे कपडे देतात, आणि त्या लाजेनं तो जीव देतो, असंही तो लिहितो. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात बाईचा कपडा ही शिक्षा होती. 'बांगड्या भर' असं आजही कुणी म्हणतं, तेव्हा ते बोलणं किती जुनं आहे बघा.

आता शेवटचा मुक्काम. इथे सहसा पर्यटक जात नाहीत. दक्षिणेकडे हूनान प्रांतात ज्यांगयोंग नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे पूवेई गावात एक लहान संग्रहालय आहे. त्यात ना सोनं, ना तलवारी. त्यात आहेत पंखे, रुमाल, कापडी वह्या, आणि त्यावरची बारीक, तिरकी अक्षरं.

या भागात पूर्वी मुलींना शाळा नव्हती. लहानपणीच त्यांची पावलं कापडानं घट्ट आवळून बांधत, म्हणजे ती वाढू नयेत. ही चाल चीनभर होती, कायद्यानं ती १९१२ साली बंद केली. पाऊल बांधलेल्या, घरात बसून सूत आणि शिवण करणाऱ्या या बायांनी स्वतःची लिपी वापरली. तिचं नाव न्यूशू, म्हणजे बाईचं लेखन. आई लेकीला, मावशी भाचीला शिकवायची. पुरुषांना ती वाचता येत नसे. मुली एकमेकींच्या मानलेल्या बहिणी व्हायच्या. एकीचं लग्न झालं की तिसऱ्या दिवशी बाकीच्या तिच्या सासरी एक वही पाठवायच्या. तिच्यात ताटातुटीचं दुःख, आशीर्वाद, आणि पुढची काही पानं कोरी. ती नव्या नवरीनं स्वतः भरायची.

बाई वारली की वह्या बहुधा तिच्यासोबत जाळत किंवा पुरत. म्हणून जुन्या वह्या फार थोड्या उरल्या. पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या, सगळ्यांची लिपी शिकल्या, आणि हिची गरज कमी झाली. परंपरेनं ही लिपी शिकलेली यांग ह्वानयी ही शेवटची बाई २००४ साली वारली. लिपी गेल्याचं वाईट वाटतं, पण ती मुली शाळेत गेल्या म्हणून मागे पडली, हे आनंदाचंच कारण. आता तिथे नव्या मुली ती हौसेनं शिकतात.

बघा मैत्रिणींनो, भिंतीवर घाम कुणाचा ते लिहिलेलं नाही. राजवाड्यात बायांची नावं शिक्षेपुरती आली. मातीच्या फौजेवर कुंभाराचं नाव धाकापुरतं आलं. एकट्या या गावात बायांनी आपलं नाव आणि आपलं म्हणणं स्वतःच्या हातानं लिहिलं. आणि तेही पंख्यावर, रुमालावर, म्हणजे हाताशी होतं त्यावर.

आता या आठवड्याचं काम. गटाच्या बैठकीत आपल्या गावातली एक जुनी गोष्ट निवडा. विहीर, बंधारा, रस्ता किंवा शाळा. तिच्या कामावर कोण कोण बाया होत्या, हे थोरल्या बायांना विचारा. त्यांची नावं गटाच्या वहीत लिहा. हिशेबाची पानं सोडून मागची दोन कोरी पानं घ्या, तेवढी पुरतील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, ज्यांना येतं त्यांनी लिहावं. पण नाव पूर्ण लिहा. 'अमक्याची बायको' असं लिहू नका.

दूध उतू गेलं नसेल अशी आशा करते. भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.