लाकूड की पेलेट? बंबासाठी जळण निवडताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात गीझर आला तरी बऱ्याच घरांतला तांब्याचा बंब काही गेलेला नाही. गोव्यात जुन्या घरांच्या न्हाणीत चुलीवर भाण असतं, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे थंडीत शेगडी पेटते. जळण महाग झालं, धुराचा त्रास होतो, मग कोणीतरी सुचवतं की पेलेट वापरा, लाकडापेक्षा दुप्पट जळतात. त्यात खरं किती, ते आकड्यांनिशी पाहू.

पेलेट म्हणजे काय, हे गोळी पेंड पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. भुसा, शेंगांची टरफलं, उसाचं चिपाड, भाताचं तूस असा माल दळून, सुकवून, यंत्रात दाबून काढलेल्या कांड्या. जाडी साधारण ६ ते ८ मिलिमीटर. वेगळा डिंक बहुधा लागत नाही, दाबाने तापलेल्या लाकडातलंच द्रव्य त्यांना धरून ठेवतं. बॉयलरसाठी मिळणारा ‘पांढरा कोळसा’ म्हणजे ब्रिकेट, ही वेगळी गोष्ट. ते मनगटाएवढे जाड ठोकळे असतात. दुकानदार कधी एकाचं नाव सांगून दुसरं देतो, म्हणून पोतं उघडून बघा.

आता हिशेब. ४० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला बरोबर १,००० किलोकॅलरी लागतात. बंबात जळणातली साधारण ३० टक्के उष्णता पाण्याला लागते, बाकीची नळीतून वर जाते, असं धरू. चांगलं सुकलेलं लाकूड (ओलावा १५ टक्के) किलोला सुमारे ३,६०० किलोकॅलरी देतं. म्हणजे या पाण्याला किलोभरापेक्षा थोडं कमी लाकूड पुरतं. चांगल्या पेलेटचा ओलावा दहा टक्क्यांच्या आत असतो, उष्णता ३,८०० च्या आसपास. म्हणजे ९०० ग्रॅम. फरक मूठभर कांड्यांचा!

मग ‘दुप्पट जळतात’ हे आलं कुठून? ओल्या लाकडाशी तुलना केल्यामुळे. ताज्या तोडीच्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी वाफ होऊन जाताना उष्णता खातं आणि किलोमागे हाती १,९०० किलोकॅलरी उरतात. त्याच बंबाला मग पावणेदोन किलो लागतं, आणि धुमसत्या जाळात प्रत्यक्षात त्याहून जास्त. धूर होतो तोही यामुळेच. वखारीत लाकूड वजनावर मिळतं. ओलं घेतलं की क्विंटलमागे ५० किलो पाण्याचे पैसे आपण मोजतो, वर ते पाणी उकळायला पुन्हा लाकूड घालतो.

म्हणून पेलेटच्या आधी प्रश्न विचारायचा तो आपल्या लाकडाला. बाभूळ, सुबाभूळ, निलगिरी, आंबा, काजू, जात कुठलीही असो, सुकल्यावर किलोमागे उष्णता जवळपास सारखीच. जड लाकूड कमी जागेत मावतं आणि त्याचा निखारा टिकतो, इतकाच फरक. सुकलेलं ओळखायचं कसं? टोकाला चिरा पडलेल्या असतात, साल सुटते, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत वाजतात. ओलं लाकूड दबका आवाज करतं आणि जळताना टोकाला फेस धरतं. शंका असेल तर एक ढलपी वजन करून खूण घालून ठेवा, दर पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरायचं थांबलं की लाकूड सुकलं.

सुकवायचं म्हणजे अंगणात ढीग टाकायचा नव्हे. आधी फोडायचं, कारण अख्खा ओंडका सालीखाली वर्षभरही ओला राहतो. मग विटांवर किंवा बांबूवर, जमिनीपासून वर रचायचं. डोक्यावर पत्रा, बाजू मोकळ्या. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. जळण माघ-फाल्गुनात भरून ठेवायची जुनी पद्धत होती, ती उगाच नव्हती. मार्च ते मेचं ऊन फुकट मिळतं. जूनमध्ये धावपळ करून घेतलेलं लाकूड दिवाळीपर्यंत रडवतं. आणि हो, सीमेपलीकडून गाडी भरून आणणार असाल तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो का ते आधी विचारा. झाडाच्या जातीनुसार आणि राज्यानुसार नियम बदलतात.

पेलेटचं दुसरं अंग म्हणजे भांडं. बंबाच्या नळीत कांड्या ओतल्या तर काही जाळीतून खाली पडतात, उरलेल्या एकमेकींना चिकटून हवा कोंडतात, आणि शेवटी धूरच. त्यांना भोकं पाडलेली टोपली किंवा पंख्याची खास शेगडी हवी. पंख्याच्या शेगडीत जाळ खरोखर स्वच्छ असतो आणि उष्णताही जास्त कामी येते. भारतीय मानकाप्रमाणे अशा चुलीची कार्यक्षमता किमान ३५ टक्के असावी लागते, पंखा नसलेल्या सुधारित चुलीची २५. साध्या तीन दगडांच्या चुलीतून ती १०-१५ टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या घराला हा फरक मोठा आहे, बंबवाल्याला तितका नाही.

पण खरी मेख पुरवठ्यात आहे, आणि ती याच भागाने पाहिलेली आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने बीपी कंपनीने २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची पेलेटची चूल आणली. आत बॅटरीवरचा छोटा पंखा, सोबत शेतकचऱ्याच्या कांड्या. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या गावांत ती जोरात खपली. एकूण विक्री चार लाखांच्या आसपास गेली. २००९ मध्ये धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आला. मग कच्च्या मालाचा भाव चढला, पेलेट महागले, गावोगावी पोचेनासे झाले. बहुतेक घरांत चूल माळ्यावर गेली आणि कंपनी हॉटेलं व मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली. चूल वाईट नव्हती. तिला लागणारं जळण मात्र दुसऱ्याच्या हातात होतं.

आजही ओढ तीच आहे. २०२१ पासून औष्णिक वीज केंद्रांना कोळशात शेतकचऱ्याचे पेलेट मिसळायला केंद्राने सांगितलं आहे. टनांनी घेणारं गिऱ्हाईक असताना कारखानदार तुमच्या दोन पोत्यांसाठी कशाला थांबेल? युरोपात घर तापवायला पेलेटच्या शेगड्या सर्रास आहेत, पण २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर जर्मनी-ऑस्ट्रियात त्यांचा भाव दुपटीहून वर गेला. शिवाय त्या शेगड्यांचा स्क्रू आणि पंखा विजेवर चालतो. वीज गेली की घर थंड.

आमच्या मते घरचं किंवा ओळखीचं लाकूड असेल, कोरडी जागा असेल, तर लाकूडच बरं. जागा नसलेल्या शहरातल्या घराला पेलेट सोयीचे, तेही पुरवठादार जवळ असेल तर. वसतिगृह, खानावळ, मंगल कार्यालय यांना मात्र हिशेब जमू शकतो, कारण ते महिन्याचा माल एकदम उचलतात. घेताना कशाचे बनले ते विचारा. भुशाच्या पेलेटला राख जेमतेम एक टक्का, शेंगांच्या टरफलांना त्याहून जास्त, आणि भाताच्या तुसाच्या पेलेटला किलोमागे दीडशे-दोनशे ग्रॅम. रोज जाळी खरवडत बसावं लागेल. एक कांडी पाण्यात टाकून बघा, काही मिनिटांत फुगून भुसा होतो. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात उघडं राहिलेलं पोतं आठवड्यात तसंच होणार, तेव्हा डबा झाकणाचा हवा.

काजूची टरफलं फुकट मिळाली तरी बंबात घालू नका. त्यांच्या तेलाचा धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, नळीत डांबर साचतं.

ग्वाल्हेर-इंदूरकरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. खोली तापवण्यासाठी धुराडं बाहेर काढलेलीच शेगडी लागते. बंद खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवून झोपणं जीवघेणं आहे, जळण लाकूड असो, कोळसा असो की पेलेट. धूर दिसत नाही म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नाही असं होत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागंही करत नाही. न्हाणीघरात बंब असेल तर तिथला झरोकाही थंडी लागते म्हणून बुजवू नका.