कुंपण कोणी घालायचे?

दुसऱ्याच्या उभ्या पिकात गुरे शिरली तर दोष कोणाचा? ती मोकळी सोडणाऱ्याचा, की शेत उघडे ठेवणाऱ्याचा? इंग्लंडच्या परंपरागत कायद्याने भार गुरांच्या मालकावर टाकला. अमेरिकेच्या पश्चिम भागात मात्र माळ सर्वांना मोकळा होता. ज्याला पीक राखायचे, त्यानेच कुंपण घालायचे.

आपल्याकडे ही दोन्ही उत्तरे एकाच गावात नांदतात. कोकणात भातकापणीपर्यंत गुरे राखायची ती मालकाने. पुढे ती मोकाट सुटली, की भाजीपाला करणाऱ्याने स्वतः गडगा रचावा किंवा काट्यांची वई घालावी. देशावर उभ्या ज्वारीत मेंढरे शिरली, तर भांडण पेटते. पीक निघाल्यावर मात्र तोच शेतकरी धनगराला बोलावतो आणि लेंडीखतासाठी धान्य किंवा पैसे देऊन रानात मेंढ्या बसवून घेतो. हद्द जमिनीला असते तशी ऋतूलाही असते. चराई आणि कुंपणाच्या कायद्याच्या अभ्यासाचे मर्म मला इथे दिसते.

१८७१ चा कोंडवाड्यांचा कायदा या नजरेने वाचावा. त्यातल्या ‘गुरां’त शेळीपासून हत्तीपर्यंत सगळे येतात. शेतकऱ्याने जनावर धरून चोवीस तासांत कोंडवाड्याकडे पाठवायचे, मालकाने दंड आणि चाऱ्यापाण्याचा खर्च भरून सोडवायचे. धरणे बेकायदा वाटले, तर दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करायची. पण धरण्यासाठी जनावर नुसते शेतात असणे पुरत नाही, ते नुकसान करत असावे लागते. ही अट लहान दिसते, पण सुगीनंतरच्या चराईला तेवढीच फट उरते.

जंगलाच्या बाबतीत ती फट बुजवली गेली. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात शिरलेले जनावर नुकसान करत आहे असे गृहीतच धरले. चराई बंद झाल्याने शेतकऱ्याची कशी कोंडी होते, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये पोटतिडकीने मांडले होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे. चराईचा इतिहास आणि कोंडवाड्याचा इतिहास वेगवेगळे शिकवले जातात, याची मला फार खंत वाटते.

या विषयात नव्याने येणाऱ्यांचे मनापासून स्वागत आहे. कलमे वाचाच, पण जवळच्या गावी कोंडवाडा असेल तर त्याची नोंदवहीही मागा: कोणते जनावर कोणत्या महिन्यात आले, किती दिवस राहिले, कोणी सोडवले. मग धनगरवाड्यावर जाऊन धनगरांना त्यांच्या वाटा विचारा, आणि त्या वाटेवरच्या गायरानावर आज काय उभे आहे, तेही पाहा.