दारावरची पट्टी आणि पंचवीस वर्षे : अमेरिकेतील परदेशी स्पोर्ट्स कारच्या आयातीचा इतिहास

अमेरिकेत विकण्यासाठी तयार झालेल्या मोटारीचे चालकाच्या बाजूचे दार उघडले की दाराच्या कडेला किंवा खांबावर एक छोटी पट्टी दिसते. उत्पादकाचे नाव, उत्पादनाचा महिना आणि वर्ष तिच्यावर असते. त्याखाली एक वाक्य असते : ही गाडी तयार झाली त्या वेळी लागू असलेली सर्व संघीय सुरक्षा मानके ती पाळते. जपानच्या किंवा युरोपच्या बाजारपेठेसाठी बनलेल्या गाडीवर ही पट्टी नसते. गाडी कितीही वेगवान, महागडी किंवा भक्कम असली, तरी पट्टीअभावी ती बंदरावरच अडते. अमेरिकी कायद्याने परदेशी स्पोर्ट्स कारवर नाव घेऊन बंदी कधीच घातली नाही. त्याने फक्त पुरावा मागितला, आणि तो पुरावा एकट्यादुकट्या मालकाच्या आवाक्यातला नव्हता. या आयातीचा सगळा इतिहास त्या एका मागणीभोवती फिरतो.

१९६५ मध्ये राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक आले आणि मोटारींच्या सुरक्षिततेचा प्रश्न अमेरिकी काँग्रेसपुढे ऐरणीवर आला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ९ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रीय वाहतूक व मोटार वाहन सुरक्षा कायद्यावर सही केली. त्यानुसार तयार झालेली मानके १ जानेवारी १९६८ पासून बनणाऱ्या गाड्यांना लागू झाली. भारतात नव्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मंजुरी आधी घ्यावी लागते. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे उत्पादक स्वतःच चाचण्या करतो, स्वतःच दाखला देतो आणि तो खोटा ठरला तर जबाबदारीही त्याचीच. दारावरची पट्टी म्हणजे हा दाखला. साहजिकच, ज्या गाडीचा दाखला द्यायला उत्पादक तयार नाही, तिच्या वतीने बोलणारे कोणीच उरत नाही.

नव्या मानकांचा परिणाम स्पोर्ट्स कारच्या रूपावर लगेच दिसू लागला. जग्वार ई-टाइपच्या हेडलाइटवरची काचेची झाकणे गेली. मिनीची अमेरिकेतील विक्री १९६७ नंतर थांबली. १९७३ च्या मॉडेलपासून ताशी ५ मैलांची धडक सोसणारा पुढचा बंपर सक्तीचा झाला. पोर्शे ९११ ला अकॉर्डियनच्या भात्यासारख्या घड्या असलेले बंपर आले, तर एमजीबीच्या नाकावरचे चकचकीत क्रोम जाऊन तिथे जाड काळे रबर बसले. १९७० मध्ये स्वच्छ हवा कायद्यात मोठी दुरुस्ती झाली, त्याच वर्षी पर्यावरण संरक्षण संस्था उभी राहिली आणि धुराचे नियम सुरक्षेच्या जोडीला आले. गाडीला आता दोन खात्यांची दारे ओलांडावी लागणार होती : सुरक्षेसाठी परिवहन खाते, धुरासाठी पर्यावरण संस्था. वर्षाला काही शेकडा गाड्या बनवणाऱ्या इटालियन कारखान्यांना प्रत्येक मॉडेलसाठी धडक चाचणीत गाड्या फोडणे आणि इंजिनाच्या धुराची प्रदीर्घ चाचणी करणे परवडेना. फेरारीने आपली बर्लिनेटा बॉक्सर अमेरिकेत अधिकृतपणे विकलीच नाही. लॅम्बोर्गिनी कुन्ताशही कित्येक वर्षे अमेरिकी दाखल्याविना राहिली.

कारखान्याने ज्या गाड्या पाठवल्या नाहीत, त्या लोक स्वतः आणू लागले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात डॉलर वधारला. १९८५ च्या सुरुवातीला एका डॉलरला तीनहून अधिक जर्मन मार्क मिळत. जर्मनीत गाडी विकत घेऊन, जहाजभाडे भरून आणि आवश्यक बदल करूनही ती अमेरिकी शोरूमपेक्षा स्वस्त पडे. शिवाय शोरूममध्ये न मिळणारे ताकदवान इंजिन मिळे, हा आणखी एक मोह. या व्यवहाराला ग्रे मार्केट म्हणत. तो चोरटा नव्हता. गाडी जामिनावर आत घेता येई, ठरलेल्या मुदतीत तिच्यात बदल करून कागद सादर करायचे, की जामीन सुटे. पाच वर्षांहून जुनी गाडी स्वतःच्या वापरासाठी आणणाऱ्याला धुराच्या नियमांतून आयुष्यात एकदा सूटही मिळे.

बदल करणाऱ्या गॅरेजमधले काम चिकाटीचे होते. दाराचे आतले अस्तर काढून पोकळीत पोलादी पट्ट्या वेल्ड करायच्या, म्हणजे बाजूने बसलेली धडक दार सोसेल. युरोपी हेडलाइट काढून त्या जागी बल्ब, आरसा आणि काच एकाच बंद गोळ्यात असलेले अमेरिकी सील्ड बीम दिवे बसवायचे. पुढच्या कडांना पिवळे आणि मागच्या कडांना लाल दिवे लावायचे. किलोमीटरचा स्पीडोमीटर काढून मैलांचा बसवायचा. पट्टा न बांधल्याची सूचना देणारा बझर जोडायचा. एक्झॉस्टमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवून गाडी प्रयोगशाळेच्या रोलरवर चालवायची आणि धूर मोजून घ्यायचा. काही गॅरेजेस हे काम जीव ओतून करत. काहींच्या दारातल्या पट्ट्या मात्र कागदावरच असत, आणि दार बंद असताना हा फरक बाहेरून कोणालाच कळत नसे.

१९८५ मध्ये अशा आयातीने वर्षाला साठ हजारांचा आकडा ओलांडला. त्यात स्पोर्ट्स कारबरोबर मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या आलिशान गाड्यांचा भरणा मोठा होता, आणि त्याची झळ अधिकृत विक्रेत्यांना बसली. मर्सिडीजच्या अमेरिकी शाखेने आणि विक्रेत्यांनी काँग्रेसकडे नेटाने पाठपुरावा केला. निकृष्ट बदलांचे दाखले त्यांच्या हाती होतेच. सुरक्षेची खरी काळजी आणि बाजारपेठ राखण्याची इच्छा या दोन्हींचा या मोहिमेत वाटा होता, आणि एकीचे वजन दुसरीला मिळाले. दरम्यान सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर डॉलर उतरत गेला आणि धंद्यातला नफा कायदा येण्याआधीच आटू लागला.

३१ ऑक्टोबर १९८८ रोजी आयात वाहन सुरक्षा अनुपालन कायदा मंजूर झाला आणि ३१ जानेवारी १९९० पासून अमलात आला. आजचे बरेचसे अडथळे याच कायद्यातून आलेले आहेत. मानकांत न बसणारी गाडी मालकाला स्वतः आणून बदलता येईना. ते काम सरकारदरबारी नोंदलेल्या आयातदाराकडेच द्यावे लागे. त्याआधी ते मॉडेल आयातीस पात्र आहे, असा निर्णय राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडून हवा. त्या गाडीसारखेच मॉडेल अमेरिकेत विकले गेले असेल तर निर्णय सोपा. तसे नसेल तर बदलांनंतर गाडी मानकांत बसते हे आयातदाराने चाचण्यांसह सिद्ध करायचे. बंदरावर गाडीच्या शुल्कपात्र किमतीच्या दीडपट रकमेचा बाँड द्यायचा आणि १२० दिवसांत बदल पुरे करायचे. धुराच्या बाबतीतली एकवारची सूटही त्याच सुमारास बंद झाली. काही वर्षांतच ग्रे मार्केट जवळपास संपले.

याच कायद्यात एक पळवाट मुद्दाम ठेवलेली होती : उत्पादनाला २५ वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला सुरक्षा मानके लागू होणार नाहीत. सुरुवातीला या सवलतीला व्यवहारात अर्थ नव्हता. १९६८ पूर्वीच्या गाड्यांना मानके मुळातच लागू नव्हती, आणि १९९० मध्ये २५ वर्षांची गाडी म्हणजे १९६५ ची. १९९३ उजाडले तेव्हा ही रेषा १९६८ च्या पुढे सरकू लागली. तेव्हापासून दर महिन्याला आणखी एका महिन्याच्या गाड्या मोकळ्या होत आल्या आहेत. धुराच्या नियमांतून सुटण्यासाठी २१ वर्षे पुरतात, मात्र इंजिन मूळच्या रूपातले हवे. म्हणजे पुराव्याच्या जागी कायद्याने वय स्वीकारले. जुनी गाडी कमी धावते आणि बहुधा जपणाऱ्याच्या हाती असते, ही त्यामागची समजूत.

पंचवीस वर्षे थांबण्याची ज्यांची तयारी नव्हती, त्यांचे गाजलेले प्रकरण म्हणजे पोर्शे ९५९. चारही चाकांना ताकद देणारी, २.८५ लिटरच्या दुहेरी टर्बो इंजिनाची आणि ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जाणारी ही गाडी १९८० च्या दशकातील तंत्रज्ञानाचे शिखर होती. एकूण जेमतेम तीनशेच्या आसपास गाड्या बनल्या. अमेरिकी धडक चाचण्यांसाठी त्यांतल्या काही फोडायला पोर्शेने नकार दिला. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी मागवलेली ९५९ कॅलिफोर्नियात कस्टम्सच्या ताब्यात सुमारे १३ वर्षे पडून होती. अखेर १९९८ च्या वाहतूक कायद्यात एक तरतूद जोडली गेली आणि १९९९ मध्ये तिचे नियम झाले. ‘शो ऑर डिस्प्ले’ या नावाने ती ओळखली जाते. ऐतिहासिक किंवा तांत्रिक महत्त्वाची, साधारणतः ५०० पेक्षा जास्त न बनलेली गाडी या वाटेने आणता येते. ती रस्त्यावर चालवायची असेल तर वर्षाला २,५०० मैलांची मर्यादा असते. धुराच्या नियमांतून मात्र इथे सुटका नाही. कॅलिफोर्नियातील ब्रूस कनेपा यांच्या कार्यशाळेने ९५९ चे इंजिन या नियमांत बसवून दाखवले, तेव्हा कुठे ती अमेरिकी रस्त्यावर उतरली.

निसान स्कायलाइन जीटी-आरला ही वाट बंद होती, कारण ती हजारोंनी बनली होती. १९८९ मध्ये आलेल्या तिच्या आर-३२ या पिढीत २.६ लिटरचे, सहा सिलिंडरचे, दुहेरी टर्बो इंजिन होते. ऑस्ट्रेलियातील बाथर्स्टची शर्यत तिने १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ जिंकली आणि तिथल्या मासिकाने दिलेले ‘गॉडझिला’ हे नाव तिला कायमचे चिकटले. निसानने ती अमेरिकेत विकली नाही. तरीही ‘ग्रान टुरिस्मो’ हा व्हिडिओ गेम आणि ‘फास्ट अँड फ्युरियस’ चित्रपट यांमुळे अमेरिकेतली एक अख्खी पिढी पडद्यावर तिला पाहतच मोठी झाली. १९९० च्या दशकाअखेर एका नोंदणीकृत आयातदाराने पुढच्या पिढीतल्या आर-३३ गाड्यांच्या धडक चाचण्या करून अर्ज केला आणि १९९० ते १९९९ च्या स्कायलाइनना पात्रता मिळवली. चाचण्यांची माहिती सर्व पिढ्यांना लागू पडत नाही, हे पुढे प्रशासनाच्या लक्षात आले. पात्रता १९९६ ते १९९८ च्या आर-३३ पुरती आकसली आणि बाकीच्यांना वयाची वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. शेजारच्या कॅनडात ही मुदत १५ वर्षांचीच असल्याने त्याच गाड्या तिथे कितीतरी आधी रस्त्यावर आल्या. अमेरिकेत आर-३२ २०१४ च्या ऑगस्टपासून आणि आर-३४ २०२४ च्या जानेवारीपासून येऊ लागली.

ही मुदत मॉडेलच्या वर्षावर मोजली जात नाही, त्या एकेका गाडीच्या उत्पादनाच्या महिन्यावर मोजली जाते. जपानी कागदपत्रांत मात्र पहिल्या नोंदणीची तारीख असते, आणि गाडी त्याआधी तयार झालेली असते. म्हणून आयातदार शॅसी क्रमांकावरून निसानच्या नोंदी तपासतात, सीटबेल्टच्या टोकाला शिवलेल्या कापडी तुकड्यावरचा महिना वाचतात आणि दोन्ही जुळवून पाहतात. एका महिन्याच्या चुकीनेही गाडी बंदरावर अडकू शकते. बंदरावर परिवहन खात्याचा एचएस-७ आणि पर्यावरण संस्थेचा ३५२०-१ असे दोन अर्ज भरावे लागतात. पंचवीस वर्षांच्या गाडीसाठी पहिल्यात सूट मागण्याचा एकच रकाना निवडायचा असतो.

संघीय सरकारने गाडी आत घेतली तरी नंबर प्लेट देणे राज्याच्या हाती राहते. कॅलिफोर्नियाला पंचवीस वर्षांचा नियम पुरेसा वाटत नाही. १९७५ नंतरच्या मॉडेलची पेट्रोल गाडी थेट परदेशातून आली असेल, तर राज्याने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तिच्या धुराची चाचणी व्हावी लागते, आणि तिचा खर्च हजारो डॉलरांत जातो. होंडा बीट, सुझुकी कॅपुचिनो यांसारख्या ६६० सीसीच्या चिमुकल्या जपानी स्पोर्ट्स कारना २०२० नंतर काही राज्यांनी ‘केई’ या जपानी छोट्या प्रकारातली वाहने म्हणून नोंदणी नाकारली. महामार्गासाठी त्या सुरक्षित नाहीत, असे कारण दिले गेले. मालकांनी एकत्र येऊन दाद मागितल्यावर टेक्सासने २०२४ मध्ये आपला निर्णय फिरवला. त्यामुळे कस्टम्समधून रीतसर सुटलेली एकच गाडी आज एका राज्यात रोज कामावर नेता येते, तर दुसऱ्या राज्यात गॅरेजमध्ये झाकून ठेवावी लागते.