परक्या हातांनी रेखाटलेले आत्मचरित्र

'सुपरमॅन' ही चित्रकथा १९३८ मध्ये अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झाली. तिचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर हे ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे वाढलेले, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील तरुण होते. अडतीस वर्षांनंतर, १९७६ मध्ये, त्याच नगरातील आणि तशाच कुटुंबातील हार्वे पीकर या कारकुनाने 'अमेरिकन स्प्लेंडर' हे चित्रकथांचे नियतकालिक स्वखर्चाने काढले. सीगल-शुस्टर यांचा नायक नगरावरून उड्डाण करीत असे. पीकरचा नायक किराणा दुकानाच्या रांगेत उभा राहतो, थंडीत मोटार सुरू होत नाही म्हणून चडफडतो, आणि सकाळी उठून पुन्हा कामावर जातो. हा नायक म्हणजे स्वतः पीकरच होय. या दोन टोकांमधील अंतर चित्रकथेने कसे कापले, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण कोणाचे जीवन नोंदण्यास योग्य मानावयाचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

१९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी चित्रकथांवर मुलांना बिघडविण्याचा आरोप केला, सीनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. तीमुळे प्रौढ अनुभवाला या माध्यमात वाव उरला नाही. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे निघालेल्या 'झॅप'पासून 'भूमिगत' चित्रकथांची लाट आली आणि तिने ही संहिता झुगारून दिली. परंतु या बंडाचा भर कामवासना, मादक द्रव्ये आणि अद्‌भुत यांवर होता. जस्टिन ग्रीनने १९७२ मध्ये आपल्या कॅथलिक बालपणातील पापभावनेवर चित्रकथा लिहिली, तेव्हा आत्मचरित्राला या माध्यमात प्रवेश मिळाला खरा. पण तो एका असामान्य मनोयातनेच्या निमित्ताने. नोकरी, पगार, सहकारी, भाडे आणि कंटाळा यांनी व्यापलेला दिवस अद्याप बाहेरच उभा होता.

पीकरचा जन्म १९३९ चा. त्याचे आईबाप पोलंडहून आलेले. वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. महाविद्यालयीन शिक्षण त्याने अर्धवट सोडले. जाझ संगीतावर मात्र तो तरुणपणापासून समीक्षा लिहीत असे. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या या वेडातूनच १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याची रॉबर्ट क्रम्ब या चित्रकाराशी मैत्री जुळली. क्रम्ब तेव्हा क्लीव्हलंडमध्ये शुभेच्छापत्रे काढण्याची नोकरी करीत होता. पुढे क्रम्ब भूमिगत चित्रकथेचा अग्रणी झाला. पीकरला चित्र मुळीच काढता येत नव्हते. त्याने कागदावर चौकटी आखल्या, त्यांत काड्यांसारखी माणसे उभी केली, त्यांच्या तोंडी संवाद लिहिले आणि ते कागद क्रम्बपुढे ठेवले. १९७२ मध्ये त्यांतील एक कथा क्रम्बने रेखाटून प्रसिद्ध केली.

येथे 'अमेरिकन स्प्लेंडर'चे एक वैशिष्ट्य स्पष्ट होते. चित्रमय आत्मचरित्रात लेखक आणि चित्रकार एकच असावा, अशी अपेक्षा असते. रेषा ही जणू त्याची स्वाक्षरी मानली जाते. पीकरच्या जीवनाला मात्र गॅरी डम, ग्रेग बजेट, जेरी शॅमरे, फ्रँक स्टॅक अशा अनेकांचे हात लागले. परिणामी प्रत्येक कथेत त्याचा चेहरा निराळा दिसतो. कोठे तो केसाळ आणि उग्र, तर कोठे केवळ थकलेला. स्थिर राहतो तो त्याचा आवाज. दूरध्वनीच्या सूचीत आपल्याच नावाची दुसरी माणसे आढळल्याची कथा या दृष्टीने लक्षणीय आहे. तीत जवळजवळ प्रत्येक चौकटीत क्रम्बने तोच माणूस वाचकाकडे तोंड करून उभा केला आहे. कधीही न भेटलेल्या त्या नामधारकांच्या मृत्यूने तो हळहळतो, आणि नाव म्हणजे काय, माणूस म्हणजे काय, या विचारापाशी येऊन थांबतो. घटना जवळजवळ काहीच नाही. तरीही कथा पूर्ण आहे.

या लेखनाचा आर्थिक पाया ध्यानात घेतल्यावाचून त्याचे स्वरूप कळत नाही. पीकर १९६० च्या दशकाच्या मध्यापासून २००१ मध्ये निवृत्त होईपर्यंत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात फायली लावणारा कारकून होता. त्याने बढत्या नाकारल्या. ध्वनिमुद्रिका जमविणे सोडून वाचलेल्या पैशांतून आपण हे नियतकालिक काढले, हेही त्याने एका कथेचाच विषय केले. अंक साधारणतः वर्षाला एक निघे. पगार होता म्हणून बाजाराची मर्जी राखण्याचे कारण नव्हते. आणि नोकरी होती म्हणून विषयाची वाणही नव्हती. वयस्क कृष्णवर्णीय सहकारी मिस्टर बोट्स यांची ठासून केलेली विधाने, जेवणाच्या सुट्टीतील गप्पा आणि कुरबुरी त्याने बोलीच्या लयीसह टिपल्या. ज्या काळात क्लीव्हलंडचे कारखाने ओस पडत होते आणि १९५० मध्ये सुमारे ९ लाख १५ हजार असलेली लोकसंख्या १९८० मध्ये ५ लाख ७४ हजारांवर आली, त्या काळातील नगराचे बोलणे या पानांत सुरक्षित राहिले आहे.

अशा लेखनावर क्षुल्लकतेचा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. काही कथा खरोखर टिपणाच्या पातळीवरच राहतात, आणि लेखकाची स्वतःविषयीची तक्रार कधीकधी वाचकाला शिणवते. परंतु 'अवर कॅन्सर इयर' (१९९४) या ग्रंथात हीच पद्धती कसोटीला उतरते. पत्नी जॉइस ब्रॅबनर हिच्यासह लिहिलेल्या आणि स्टॅकने रेखाटलेल्या या ग्रंथात कर्करोगाशी दिलेली झुंज वीरश्रीने रंगविलेली नाही. घरखरेदीची कटकट, उपचारांचे दुष्परिणाम, चिडचिड आणि सेवा करणाऱ्या पत्नीची दमणूक यांतून मृत्यूचे भय हळूहळू साकार होते. क्षुल्लक तपशिलांची सवय नसती, तर हे भय इतके विश्वसनीय झाले नसते.

१९८६ मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने त्याच्या कथांचा संग्रह काढला, १९८७ मध्ये त्याला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळाले, आणि २००३ मध्ये त्याच्या जीवनावरील चित्रपट गाजला. दूरचित्रवाणीवरही तो झळकला होता. पण त्या प्रसिद्धीच्या दिवसांतही त्याने फायलींचे काम सोडले नाही. २०१० मध्ये तो निवर्तला. त्याच्यामागून आलेल्या अनेक चित्रकथाकारांनी आपापले जीवन स्वतःच्या हाताने रेखाटले आणि त्या प्रकाराला प्रतिष्ठा आणली. पीकरचे कार्य त्यांच्याहून एका बाबतीत निराळे राहते. सामान्य माणसाचे जीवन जसे इतरांच्या श्रमांवाचून चालत नाही, तसेच त्याचे आत्मचरित्रही इतरांच्या हातांवाचून पुरे झाले नाही; आणि त्या हातांची नावे त्याने प्रत्येक कथेवर आपल्या नावाशेजारी छापली.