दिनविशेष : ७ जुलै १८९६
मुंबईच्या काळाघोड्याजवळील वॉटसन हॉटेलात त्या दिवशी ल्युमिए बंधूंच्या चलचित्रांचा भारतातील पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. पडद्यावर स्टेशनात शिरणारी आगगाडी. पण खरे नवल इमारतीचेच! लोखंडी खांब-तुळया इंग्लंडात ओतल्या, बोटीने आणल्या आणि इथे जोडल्या. आराखडा रोलंड ऑर्डिश यांचा. आज चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात तयार सांगाड्यांच्या शेड रोज उभ्या राहतात, ही रीत मुंबईत १८६०च्या दशकातच येऊन गेली. पुढे हॉटेल बंद पडले, खोल्यांत वकिलांची कार्यालये थाटली, नाव एस्प्लनेड मॅन्शन झाले. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर इमारत रिकामी केली गेली. दुरुस्ती खर्चिक आहे, हे खरे. तरी इमारत पाडू नये.